वाल्मिक बोरसे आणि पाच अंडी

जून ते सप्टेंबर या काळात वाल्मिक बोरसेंच्या दाराची बेल वाजवायची नाही, असा आमच्या सोसायटीत नियम आहे. वाजवली तरी वाजत नाही, कारण तिचे सेल त्यांनीच काढून ठेवलेले असतात. कडी आपटायची नाही, भिंतीत खिळा ठोकायचा नाही, आणि मी तर ओट्यावर मिक्सरसुद्धा लावायचा नाही, कारण माझा ओटा नेमका त्यांच्या भिंतीला लागून आहे. लावायचाच असेल तर खाली चौपदरी गोधडी घालून, एका वेळी दहा सेकंद. गंमत म्हणून सांगत नाही. चार पावसाळे मी ओल्या खोबऱ्याची चटणी गोधडीवर वाटली आहे. कोकणातल्या बाईवर याहून वाईट वेळ ती कोणती यायची?

आणि हे सगळं कशासाठी, तर कासवाच्या अंड्यांसाठी.

वाल्मिक बोरसे मूळचे धुळ्याकडचे, साक्री तालुक्यातले. वीस वर्षांपूर्वी कामासाठी सिल्वासात आले, राखोलीच्या एका यार्न फॅक्टरीत लागले आणि टोकरखाड्यात आमच्या तळमजल्यावर राहायला आले. फॅक्टरीत बाकीची माणसं सूत काढतात, वाल्मिक हवा सांभाळतात. खात्यातली हवा कोरडी पडली की धागा तुटतो, म्हणून तिथली ऊब आणि दमटपणा दर तासाला मोजून कागदावर लिहायचा, कमी-जास्त करायचा, हे त्यांचं काम. दमटपणाला इथे सगळेच गुजरातीतला ‘भेज’ शब्द वापरतात. वीस वर्षं हेच केल्यामुळे हा माणूस कुणाच्याही घरात शिरला की आधी नाक वर करतो. हळदीकुंकवाला बायकोला, ममताला, सोडायला आले होते, तेव्हा माझ्या लोणच्याच्या बरणीकडे बघून म्हणाले, “मॅडम, ह्या कोपऱ्यात भेज जास्ती आहे. बुरशी पकडेल.” मी ऐकलं नाही. पंधरा दिवसांनी बुरशी आली. या माणसाचा मला राग येतो तो यासाठी, की पुष्कळदा त्याचं खरं असतं.

कासवं त्यांनी काही हौसेनं आणलेली नाहीत. चार वर्षांपूर्वी त्यांच्या फॅक्टरीचा मॅनेजर नोकरी सोडून दुबईला गेला आणि जाताना आपली पाळलेली जोडी “तू नीट बघशील” म्हणून यांच्या हाती देऊन गेला. जात परदेशी. आपल्याकडचं कासव मान आत घेतं, पण हे खालचं कवचसुद्धा दाराच्या फळीसारखं वर ओढून घेतं आणि पार डबीसारखं मिटतं. आपली कासवं घरी पाळायला कायद्यानं बंदी, म्हणून येणारा-जाणारा प्रत्येक जण यांना दम द्यायचा. शेवटी वाल्मिकनी नोंदणीचा कागद लॅमिनेट करून दारामागे लावला, गणपतीच्या फोटोखाली. नर आळशी आणि सदा गाल फुगवून बसलेला, त्याचं नाव पडलं मॅनेजर. मादीचं नाव कमळाबाईंनी ठेवलं, गुड्डी.

कमळाबाई म्हणजे वाल्मिकची आई. वय सत्तरीच्या पुढे, अंगठाबहाद्दर, पण हिशोबाला पक्की. गावी असताना आयुष्यभर कोंबड्या पाळल्या. “आतापर्यंत किती कोंबड्या अंड्यांवर बसवल्या?” असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “तुमच्या शाळेत पोरं हायेत का तितकी?” तिचं एक ठाम शास्त्र होतं. अंडी जोडीनं बसवायची नाहीत, एकी आकड्यातच बसवायची. विजांनी आतला जीव दचकू नये म्हणून टोपल्यात लोखंडाचा तुकडा ठेवायचा. आणि बसवणीच्या टोपल्यात पुरुषानं नाक खुपसायचं नाही. इथे तर पुरुषानं अख्खं डोकंच खुपसलं होतं.

पहिल्या वर्षी गुड्डीनं मागच्या अंगणात कढीपत्त्याच्या बुंध्याशी खड्डा करून तीन अंडी घातली. वाल्मिकनी मोबाइलवर आठवडाभर अभ्यास केला, मासळीवाल्याकडून थर्माकोलचं खोकं आणलं, आत प्लॅस्टिकच्या डब्यात ओलसर भुसा घालून त्यात अंडी अर्धी पुरली. अडीच महिन्यांनी बाहेर काय आलं तर वास. म्हणाले, ऊब चुकली. दुसऱ्या वर्षी चार अंडी. या वेळी फॅक्टरीतल्यासारखे दोन थर्मामीटर लावले, एक कोरडा आणि एक ओल्या वातीचा, आणि दारावर तक्ता चिकटवला. पुन्हा वास. गोधडी घालूनही दोष माझ्या मिक्सरला. तिसऱ्या वर्षी पुन्हा चार. भुसा नारळाच्या काथ्याचा हवा म्हणून मी खास गावाहून पोतं मागवलं, कारण “तुम्ही कोकणातले, तुमच्याकडे किनाऱ्यावर कासवाची अंडी जपतात, तुम्हाला माहीत असणार!” माझा जन्म रत्नागिरीत झाला असला तरी मी आयुष्यात कासवाचं अंडं पाहिलं नव्हतं. पण सांगून उपयोग नव्हता. तिसऱ्या वर्षीचा दोष बोअरच्या पाण्याला गेला. कमळाबाईंचं मत वेगळं होतं. “जोडीनं बसवली ना. चार कोणी बसवते का?”

या चार वर्षांत वाल्मिकचं एक भाषण मला पाठ झालं. “कोंबडीच्या अंड्याचं येगळं, मॅडम. कासवाच्या अंड्यात एक-दोन दिवसांतच जीव वरच्या अंगाला कवचाला चिकटून बसतो. मग त्याला उलटं केलं की खतम. म्हणून मी काय करतो, अंडं उचलायच्या आधी वरच्या बाजूला मऊ पेन्सिलनी फुली मारतो. फुली कायम वर. समजलं?” हे त्यांनी मला निदान वीस वेळा सांगितलं. वॉचमनला सांगितलं. गॅसच्या गाडीवाल्याला, सिलिंडर त्याच्या खांद्यावर असताना सांगितलं. आमच्याकडच्या सत्यनारायणाला आमचे मुख्याध्यापक आले होते, त्यांना प्रसाद हातात घेऊन उभं राहून ते ऐकावं लागलं. मलाच शरमल्यासारखं झालं.

यंदा पंधरा जूनला गुड्डीनं पाच अंडी घातली. चार नीट निघाली. पाचवं उकरताना वाल्मिकचा अंगठा लागला आणि त्याला पोचा आला. फुटलं नाही, पण एका बाजूनं बसलं. चौघांवर फुल्या पडल्या, पाचव्याकडे बघून म्हणाले, “हे रिजेक्ट.” फॅक्टरीत खराब सुताच्या रिळाला म्हणतात तसं. फेकायलाच निघाले होते, पण कमळाबाई आडवी आली.

“फेकतो कशाले? चार बसवू नको, सांगू राहिली ना मी. पाच राहू दे.”

“माय, त्यातून काही निघणार नाही.”

“नाही निघालं तर नाही निघालं. गिनतीले राहू दे.”

आईशी हुज्जत नको म्हणून त्यांनी ते डब्याच्या कोपऱ्यात दाबलं. फुली मारायचे श्रमही घेतले नाहीत.

जुलैच्या सुरुवातीला गुड्डीनं खाणं सोडलं. नाकातून बुडबुडे यायला लागले. वाल्मिकनी दोन खाडे केले आणि तिला पिशवीत घालून वापीच्या जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर भला माणूस होता, स्पष्ट म्हणाला, कुत्रं-मांजर असतं तर सांगितलं असतं, यातलं मला कळत नाही. सुरतेला नेण्याची तयारी चालू असतानाच ती गेली. कढीपत्त्याखाली, जिथे ती खड्डे करायची तिथेच पुरली. त्या दिवशी मी मुद्दाम भेटायला गेले. वाल्मिक खोक्यापुढे बसून तक्ता भरत होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, “आता ही पाचच, मॅडम. मॅनेजर एकटा काय अंडी घालणार आहे?” आणि हसायला गेले, पण जमलं नाही. माझे डोळे भरून आले, मग मलाच माझा राग आला. कासवासाठी रडायचं म्हणजे काय?

तेव्हापासून घरात नुसती जाचणूक सुरू झाली. ममता पलीकडच्या पॅकिंगच्या कंपनीत कामाला जाते. ती एकदा दारात म्हणाली, “ताई, आमचं घर नाही राहिलं, प्लांट झाला. मी कांदा चिरला तरी हे खिडकी उघडायला धावता.” खोक्यात एकदा खिळा सापडला, तर या माणसानं घर डोक्यावर घेतलं. गंजेल, भुशात उतरेल, कोणी टाकला? कमळाबाई तांदूळ निवडत बसली होती, तिनं मान वर केली नाही. खिळा फेकला, चार दिवसांनी दुसरा सापडला. मी हसले. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता की ही बाई खोक्यात हात घालते. शिकवण्याचा पगार घेते, पण पडला नाही.

दोन ऑगस्टला इथल्या मुक्तिदिनाची, पोर्तुगीज गेले त्या दिवसाची सुट्टी. आमची शाळा बंद, पण वाल्मिकची पहिली शिफ्ट चालू, सात ते तीन. ममताही कामावर. आईला आकडे वाचता येत नाहीत म्हणून त्यांनी मला बजावलं होतं, “दुपारी एकला थर्मामीटर वाचून तक्त्यावर लिहा. सुट्टीच आहे तुम्हाला.” सुट्टीच आहे! झेंडावंदन करून, पाय दुखत असताना, मी एक वाजता त्यांच्याकडे गेले. दार लोटलेलं होतं. कमळाबाई खोक्यापुढे पाट घेऊन बसली होती, शेजारी तांब्या, हात नुकतेच धुतलेले. झाकण बाजूला.

मी आत डोकावले. डब्यात पाच अंडी होती आणि एकावरही फुली नव्हती.

“फुल्या कुठे गेल्या?” मी ओरडलेच.

“खाले हायेत,” ती शांतपणे म्हणाली. “सकाळी वाल्मिक गेला का पालथी घालते. दुपारी तो यायच्या आधी परत उताणी. त्याले समजत नाही. त्याच्या सुट्टीच्या दिवशी तेवढं राहते.”

मी खाली बसले. “रोज? चारही वर्षं?”

“मंग? कोंबडी काय करते? चोचीनं फिरवते ना अंडी, दिवसातून धा वेळा? नाही फिरवली तर एका अंगाले चिकटते पिल्लू. इथं गुड्डी तर घालून निघून जाये, बिचारीले अक्कल नाही. आणि आता तर बिनमायची हायेत. कोणी तरी फिरवाले नको?”

वाल्मिकचं पाठ झालेलं ते भाषण माझ्या तोंडून बाहेर पडलं. कोंबडीच्या अंड्याचं वेगळं. कासवाचा जीव चिकटूनच वाढतो. उलटं केलं की खतम. मी शाळेत बोलते तसं बोलत गेले, एकेक वाक्य सुटं करून, आणि बोलता बोलता मला दिसत होतं की ही बाई हे पहिल्यांदा ऐकते आहे.

तिनं हात पुढे धरला. एकेक पेर मोजत गेली. “तीन. मंग चार. मंग परत चार.” आणि डब्याकडे बघत राहिली. रडली नाही. मला वाटलं होतं रडेल.

मग म्हणाली, “आता पालथी हायेत. परत उताणी करू का अशीच राहू देऊ?”

उताणी करायची तर पुन्हा उलटापालट. तशीच ठेवायची तर तीननंतर वाल्मिक येणार.

“सांगा ना. मास्तरीण ना तुम्ही?”

शेवटी तिनंच हात पुन्हा धुतले आणि एकेक अंडं असं फिरवलं की माझ्या हातून तान्हं मूलही इतकं हळू फिरलं नसतं. चारही फुल्या वर आल्या. पाचव्याकडे त्या घटकेला दोघींचंही लक्ष नव्हतं. ते रिजेक्टच होतं. “वाल्मिकले सांगू नका,” ती म्हणाली. मी तक्त्यावर आकडे लिहिले आणि घरी आले.

सांगायला हवं होतं का? अजून मला ठरवता येत नाही. अठ्ठेचाळीस दिवस फिरवलेल्या अंड्यांचं सांगून काय होणार होतं? कमळाबाईनं त्या दिवसापासून खोक्याला हात लावला नाही. खिळासुद्धा टाकला नाही. आणि वाल्मिक मला भिंतीपलीकडून ओरडायचे, “मॅडम, मिक्सर!” मला खरं काय ते माहीत असून मी मुकाट्यानं गोधडी घालायची. इतकी चीड मला कधी आली नव्हती, आणि काढायची कुणावर तेही कळत नव्हतं. मी चटणी करणंच सोडून दिलं.

गणपतीतला रविवार होता. सकाळी भिंतीवर धाडधाड बुक्के पडले. जो माणूस बेलचे सेल काढतो तो स्वतः भिंत बडवत होता. “मॅडम! या! लवकर!”

मी धावत गेले. खोक्याभोवती तिघं. भुशातलं एक अंडं चिरलं होतं आणि चिरेतून नाकाचा शेंडा बाहेर आला होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पिल्लू पुरतं बाहेर आलं, अक्रोडाएवढं, ओलं, पोटाला पिवळा ठिपका. ममतानं पेढे वाटले. वाल्मिक पिल्लाकडे बघत होते आणि सारखे म्हणत होते, “हे कसं? हे तर रिजेक्ट होतं.” कारण निघालं होतं ते पाचवं. पोचा आलेलं.

मी कमळाबाईंकडे पाहिलं. तिच्या तोंडावर आनंद होता आणि तो टिकत नव्हता.

बाकीच्या चारांची त्यांनी शंभर दिवस वाट पाहिली. शंभराव्या दिवशी मला साक्षीला बोलावून, कागद पसरून, एकेक अंडं कापलं. चारही वेळा तोच वास. वाल्मिकनी सुरी ठेवली आणि सगळे तक्ते जमिनीवर मांडले. “एकच डबा. एकच भुसा. ऊब एक, भेज एक. पास झालेली चार फेल, आणि रिजेक्ट चालून गेलं? मला कोणी समजावा!” मग स्वतःच सुरू झाले. पोच्यामुळे कवच पातळ झालं असेल. कोपऱ्यात हवा चांगली खेळत असेल. नाही तर मिक्सर, कोपरा भिंतीपासून लांब ना. मिक्सरचं नाव निघाल्यावर माझं डोकं सटकलं. मी तोंड उघडलंच होतं, पण कमळाबाई आधी बोलली.

“त्याले मी हात लावला नव्हता.”

“कशाला?”

“पाचव्याले. बाकीची रोज फिरवली. चारही साल. ह्याच्यावर तू खूण नव्हती केली. फिरवून परत ठेवलं असतं कसं? तुले समजलं असतं.”

वाल्मिक उठले. एवढे चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. कानशिलं लाल झाली होती, हातात अजून भुसा होता. “माय, मी किती वेळा सांगितलं, हात नको लावू! किती वेळा!”

“सांगितलं,” ती म्हणाली. “हात नको लावू, इतकं सांगितलं. का नको लावू, ते नाही सांगितलं. ह्या मास्तरीणबाईले सांगितलं. वॉचमनले सांगितलं. गॅसवाल्याले उभा करून सांगितलं, मी आतून ऐकत होती, पण तू हिंदीत बोलत होता. मले कोणी सांगितलं? मले वाटलं, ह्याले काय समजते बसवणीतलं.”

वाल्मिक उभेच राहिले. मग एकदम खाली बसले, आईच्या समोर. वाटलं आता हा माणूस ओरडेल, नाही तर रडेल. त्यांनी एक तक्ता उलटा केला, खिशातून पेन्सिल काढली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर एक लांबट गोल काढला.

“हे बघ, माय. हे कासवाचं अंडं. हा जीव. हा इथं वर चिकटतो, एक-दोन दिवसांतच.” आवाज फाटत होता, पण ते सांगत गेले. शेजारी दुसरा गोल काढला, कोंबडीच्या अंड्याचा. कोंबडी का फिरवते तेही सांगितलं. एकविसावं भाषण. मी पहिल्यांदाच ते शेवटपर्यंत ऐकलं.

कमळाबाई कागदावर वाकून बघत होती. मधेच बोट ठेवून तिनं विचारलं, “म्हणजे फुली ह्याच्यासाठी?” ते हो म्हणाले. तिनं मान हलवली. सगळं समजून घेतलं.

“बरं,” ती म्हणाली. “आता पुढच्या साली नाही फिरवणार.”

मागच्या दारात मॅनेजर एकटाच भिंतीच्या कडेनं चालत होता. गुड्डी नाही, हे कमळाबाईंच्या ध्यानात आणून द्यायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. वाल्मिक म्हणाले, “हो माय. पुढच्या साली.”